वजनाचा उलटा हिशेब

स्थूलता हृदयविकाराला आमंत्रण देते, हे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीने 2002 साली 5,881 व्यक्तींच्या नोंदींवरून साधार दाखविले. परंतु हृदय एकदा दुर्बळ झाले की स्थूल रुग्णाचे आयुष्य कृश रुग्णापेक्षा कमी भरत नाही, उलट किंचित अधिकच भरते, असा जो विलक्षण दाखला त्याच्या आदल्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या 1,203 रुग्णांच्या दप्तरातून निघाला, त्याने वैद्यकशास्त्र बुचकळ्यात पडले.

अशा रुग्णांत खरा घातक आहे तो शरीराचा क्षय. सहा महिन्यांत ज्यांचे वजन प्रयत्नावाचून साडेसात टक्क्यांहून अधिक घटले, अशांपैकी निम्मे रुग्ण दीड वर्षात दगावले, इतरांत हेच प्रमाण 17 टक्के होते, असे लंडनच्या संशोधकांनी 1997 सालीच नमूद केले होते. शिवाय तराजू चरबी, स्नायू व साचलेले पाणी यांत भेद करीत नाही. वजनाऐवजी कंबर आणि उंची यांचे गुणोत्तर धरताच स्थूलतेचा हा कथित लाभ बहुतांशी लोपला, असे 2023 च्या एका विश्लेषणात आढळले. तेव्हा जाडी राखण्याचा परवाना यातून कोणी बेलाशक काढू नये.

हृदय दुर्बळ झालेल्या रुग्णाने रोज सकाळी, लघवीनंतर व न्याहारीपूर्वी, वजन टिपावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढल्यास ते बहुधा पाणी असते, डॉक्टरांना तत्काळ कळवावे.