दुरुस्तीच्या दणदणाटात मुक्काम



हॉटेलात खोली घेणारा मनुष्य चार भिंती आणि एक खाट यांसाठी पैसे मोजत नाही; तो विश्रांतीसाठी मोजतो. रुग्णाला घेऊन परगावच्या रुग्णालयात आलेले कुटुंब, उद्याच्या परीक्षेसाठी उतरलेला विद्यार्थी, रात्रभर गाडीत बसून आलेले वृद्ध गृहस्थ यांना झोप ही चैन नसून गरज असते. अशा वेळी शेजारच्या मजल्यावर फरशी फोडण्याचे काम चालू असले, तर त्यांनी विकत घेतलेली मुख्य वस्तूच त्यांच्या हाती पडत नाही.

मग दुरुस्तीपुरते हॉटेल बंद का ठेवीत नाहीत? कारण नोकरांचे पगार आणि कर्जाचे व्याज थांबत नाही. म्हणून मालक एकेक मजला घेऊन काम उरकतो, तेही प्रवासी कमी असतील त्या दिवसांत. गोव्यात हा काळ बहुधा पावसाळ्याचा. स्वस्त भाड्याच्या मोहाने त्या दिवसांत जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आता प्रश्न असा की, तीन मजले खाली चाललेला ठोका आपल्या उशीपर्यंत पोहोचतो कसा? आवाजाला दोन वाटा असतात. एक हवेतून, ती दार-खिडक्या लावल्या की बरीचशी अडते. दुसरी इमारतीच्या अंगातून. ड्रिल यंत्राचा आघात भिंतीत शिरला की कंपने काँक्रीटमधून दूरवर जातात. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो. काँक्रीटमध्ये त्याचा वेग याच्या कितीतरी पट असतो. शेवटी आपल्या खोलीची भिंतच ढोलाच्या कातड्याप्रमाणे थरथरू लागते. म्हणूनच दार घट्ट लावून फारसा उपयोग होत नाही, आणि लगतची खोली बदलून घेण्यातही अर्थ नसतो. मागायचीच तर वेगळ्या इमारतीतील किंवा कामापासून पार दुसऱ्या टोकाची खोली मागावी.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. 10 डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट होते, कानाला मात्र आवाज साधारण दुप्पट वाटतो. चांगल्या झोपेसाठी शयनगृहातील सततचा आवाज 30 डेसिबलच्या वर नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 1999 साली सुचविले. आपल्या देशातील 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातील परिसराची मर्यादा दिवसा 55 व रात्री 45, तर व्यापारी भागात दिवसा 65 व रात्री 55 डेसिबल आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. 2010 सालच्या दुरुस्तीने निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री बांधकामाची आवाज करणारी यंत्रे चालविण्यास मनाई झाली.

दिवसाच्या झोपेला मात्र असे संरक्षण नाही. तेथे आपली सावधगिरीच कामी येते. आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच विचारावे : दुरुस्ती चालू आहे काय? कोणत्या मजल्यावर? किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? उत्तर लेखी घ्यावे.

एवढे करूनही फसगत झाली, तर प्रथम व्यवस्थापकाशी शांतपणे बोलावे. खोली बदलून, भाडे कमी करून किंवा पैसे परत देऊन बहुतेक प्रश्न सुटतात. न सुटल्यास 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडविणे हीदेखील सेवेतील त्रुटी होय, असे तो सांगतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. इंदूरच्या हॉटेलात त्रास झालेल्या बेळगावकराला इंदूरला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे. पावती, पत्रव्यवहार आणि वेळेच्या नोंदीसह केलेले ध्वनिमुद्रण जपून ठेवावे. 1915 या क्रमांकावर सल्लाही मिळतो.

एक गोष्ट मात्र विसरू नये. आपण दोन दिवसांत निघून जातो; घण मारणारा गवंडी त्याच आवाजात दिवसचे दिवस राबतो, अनेकदा कानांना कसलेही आवरण नसताना. आपला राग त्याच्यावर काढू नये. इमारतीची दुरुस्ती हा मालकाचा हक्क आहे. ती चालू असल्याचे पाहुण्याला आधी सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. हक्क बजावताना कर्तव्याचा विसर पडला, एवढीच आपली तक्रार असावी.