फोनवर नंबर नको, नाव दिसू दे!

आजचा भाग ऑफिसच्या फोनवर कॉलरचं नाव कसं दाखवायचं याबद्दल. ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. बाहेरून कॉल येतो तेव्हा नंबर येतो, पण नाव येईलच असं नाही. सिप कॉलमध्ये फ्रॉम हेडरमध्ये नावाला जागा असते, पण ती बऱ्याचदा रिकामी असते, नाहीतर तिथे परत नंबरच असतो. म्हणजे नाव आपल्याच सिस्टीमला शोधावं लागतं.

ॲस्टरिस्कमध्ये हे सोपं आहे. त्याच्या आतल्या डेटाबेसमध्ये सीआयडीनेम नावाच्या फॅमिलीत नंबर आणि नावाच्या जोड्या ठेवायच्या. कॉल आला की डायलप्लॅन नंबर बघून नाव उचलतो आणि कॉलर आयडीत भरतो. फ्रीपीबीएक्स वापरत असाल तर हीच यादी फोनबुक म्हणून दिसते. पण नुसती यादी भरून भागत नाही. इनबाउंड राउटमध्ये कॉलर आयडी लुकअप सोर्स निवडायचा आणि अप्लाय कॉन्फिग दाबायचं. ऑफिसमधल्या आपापसातल्या कॉलचं नाव मात्र एक्स्टेन्शनच्या डिस्प्ले नेममधून येतं, त्याचा या यादीशी संबंध नाही.

आता खरी गंमत. एकच माणूस कधी +91 लावून येतो, कधी पुढे शून्य, कधी नुसते दहा अंक. यादीत एकच रूप असेल तर नाव सापडत नाही. पहिल्या नोकरीत मी यावर डोकं लावलं: शेवटचे सहा अंक जुळले की झालं! तीन आठवडे मस्त चाललं. मग दोन ग्राहकांचे सहा अंक सारखे निघाले. रिसेप्शनवरच्या ताईंनी स्क्रीनवरचं नाव वाचून एकाची थकबाकी दुसऱ्याला सांगून टाकली. ओरडा त्यांनी खाल्ला, चूक माझी होती. ते अजून खटकतं.

तर असं करा. नंबर +91 ने किंवा शून्याने सुरू होत असेल तर तेवढंच काढा, म्हणजे दहा अंक उरतील. आपल्याकडे एसटीडी कोडसकट लँडलाइनही दहाच अंकी असते, त्यामुळे पुण्याचा 020 सुद्धा यात बसतो. परदेशी नंबरला हात लावू नका. आणि यादीतही हेच रूप ठेवा.

तरी नाव दिसलं नाही तर ॲस्टरिस्कच्या कन्सोलवर पीजेसिपचा लॉगर चालू करून इनव्हाइट बघा. फोनकडे नाव जातंय, पण स्क्रीनवर वेगळंच दिसतंय? मग फोनची स्वतःची डिरेक्टरी तपासा. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसले तर नावं रोमनमध्ये ठेवा.

शेवटचं. स्क्रीनवरचं नाव म्हणजे ओळखपत्र नाही. नंबर खोटा पाठवता येतो, आणि आपली यादी त्या खोट्या नंबरलाही खरं नाव लावते. पैशाचं किंवा खासगी काही बोलण्याआधी समोरच्याला दोन प्रश्न विचारायचेच, हे रिसेप्शनला नक्की सांगा. मी तेव्हा सांगितलं नव्हतं.

भेटू पुढच्या भागात!