अंधेरीतले पाच ग्लास आणि सासऱ्यांची द्राक्षबाग



गेल्या दोन अंकांत आपण आडसालीची बेणेप्रक्रिया व खोडव्याचे खत यांविषयी बोललो. या वेळचा विषय जरा निराळा आहे. आपल्यात माळकरी मंडळी पुष्कळ आहेत याची मला जाणीव आहे, आणि हा लेख म्हणजे दारूची शिफारस नव्हे. पण गेल्या हंगामापासून गट ऑफिसात येऊन निदान सात-आठ सभासदांनी मला एकच गोष्ट विचारली, "साहेब, उसाचं एखादं एकर मोडून वाईनची द्राक्षं लावली तर?" या प्रश्नाचे उत्तर मी पूर्वी एकदा दिले होते आणि ते चुकले होते. म्हणून या खेपेस घाईने बोलायचे नाही असे ठरवले.

ती चूक आधी सांगतो. २००६ साली मी पदविका घेऊन नुकताच नोकरीला लागलो होतो. माझी सासुरवाडी निफाड तालुक्यात. त्या काळी नाशिककडे वाईनचे वारे जोरात होते. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच धर्तीची फसफसणारी वाईन काढून ती परदेशी पाठवली होती. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ बाग लावून 'सुला' काढली, तिची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि विंचूरला वाईन पार्क झाले. हे सगळे बघून मी सासऱ्यांना म्हणालो, लावा. दोन एकर 'कॅबरने सॉव्हिन्याँ' लागली. माल घेणारी वायनरी ठरली होती, पण बोलणे सगळे तोंडी.

तिथे मी उसाचाच हिशेब लावला. ठिबक भरपूर, युरिया सढळ हाताने. घड लोंबायला लागले तेव्हा शेजारचे बागाईतदार बघायला यायचे. एकरी नऊ टनांचा अंदाज निघाला. मात्र फेब्रुवारी २००९ मध्ये ब्रिक्स काही अठराच्या वर सरकेना. वायनरीला बाविसाच्या पुढे पाहिजे होता. त्यातच नोव्हेंबर २००८ मधला मुंबईवरचा हल्ला व जगभरची मंदी यांमुळे हॉटेले ओस पडली होती आणि वायनऱ्यांच्या टाक्या जुन्या मालाने भरलेल्या होत्या. निम्मा माल पाडून मागितलेल्या भावात गेला. निम्मा झाडावर राहिला. ही द्राक्षे बारीक, जाड सालीची, बियांची. ती ना खायच्या बाजारात चालतात, ना बेदाण्याला. पुढच्या वर्षी बाग काढून टाकली.

सासरे मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "जावईबापू, आपण पिकवलं ते लागतं तरी कसं, हे तुम्हांलाही ठाऊक नव्हतं."

ते खरेच होते. उसाचे कांडे दाताने सोलल्याशिवाय आपण तोडीचा शेरा देत नाही, आणि इथे मी दोन एकरांचा सल्ला चव न घेता दिला होता.

आता मुंबईची हकीकत. माझी बहीण मुलुंडला असते. तिचा मुलगा अंधेरी पूर्वेला विमानतळाजवळच्या एका हॉटेलात नोकरीला आहे. तिथे वाढप्यांना वाईनची पारख शिकवतात. भाच्याने वरिष्ठांना विचारून माझी सोय केली. घाटकोपरला लोकल सोडली आणि मेट्रोने मरोळ नाक्याला उतरलो. "मामा, घोट गिळायचा नाही, तोंडात फिरवून थुंकायचा," एवढे त्याने जिन्यातच बजावले. टेबलावर त्यासाठी भांडेच ठेवलेले असते. दिवसाला पन्नास-पन्नास प्रकार चाखणारी माणसे थुंकल्याशिवाय काम करूच शकणार नाहीत.

पद्धत साधी आहे. आधी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग बघायचा. मग गोल फिरवून वास घ्यायचा. मग लहान घोट घेऊन त्यावरून थोडी हवा ओढायची आणि जिभेवर काय होते ते बघायचे. मला आपले पॅनमन आठवले. काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडाला धरतात, दाणा बघतात, बोटाने चोळतात. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीच्या वासावरून चुलीचा जाळ कमी-जास्त करायला सांगतो. तेव्हा हे काही साहेबलोकांचे थेर नाहीत. मालाची परीक्षा आहे, आपल्यासारखीच.

पहिला ग्लास फ्रान्समधल्या शाब्लीचा, पांढरा. द्राक्ष 'शार्डने'. ती जमीन चुनखडीची, तिच्यात समुद्री शिंपल्यांचे अवशेष सापडतात. घोट घेतला आणि दोन्ही गालांतून पाणी सुटले, आवळा चावल्यासारखे. गोडी नावाला नाही. वास तापलेल्या पाटात पहिले पाणी सोडल्यावर येतो तसा. दुसरा जर्मनीतल्या मोझेल नदीकाठचा, 'रीसलिंग'. तिथे पाटीच्या दगडाच्या इतक्या उभ्या उतारांवर वेली असतात की वरून बघितले तर डोळे फिरावेत. याला थोडी गोडी होती, पण लिंबाची आंबट धार त्या गोडीला चिकट होऊ देत नव्हती. अल्कोहोल आठ-नऊ टक्केच. हीच वाईन जुनी झाली की तिला रॉकेलसारखा वास येतो आणि जाणकार त्याची तारीफ करतात, हे ऐकून मला हसू आवरेना. तिसरा बर्गंडीचा 'पिनो न्वार', लाल, पण कोकमाच्या सरबताएवढा फिका. वास ओल्या पाचोळ्याचा.

चौथा बोर्डोचा, आणि पाचवा आपल्या नाशिकचा. दोन्हींत कॅबरने सॉव्हिन्याँ. सासऱ्यांचीच जात! माझा हात जरासा थांबला हे कबूल करतो. बोर्डोच्या वाईनने हिरड्या अशा धरल्या, जसे अर्धे कच्चे जांभूळ. तो तुरटपणा साल आणि बी यांच्यातून येतो. वास शिसपेन्सिल तासल्यावर येतो तसा. थुंकल्यावरही चव बराच वेळ गेली नाही. नाशिकची जास्त ऊबदार, पिकल्या फळाची, मसाल्याची. तोंडात भरल्यासारखी, पण मागची चव लवकर संपली. वाईट मुळीच नव्हती. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "दोन्हींत फरक उन्हाचा आणि पाण्याचा आहे."

मधल्या सुट्टीत आणखी एक बाटली उघडली. भाच्याचा एक सोबती मरोळ गावठाणातला, ईस्ट इंडियन समाजाचा. ही साष्टीतली मूळची मराठी माणसे, पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेली. राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, १८८७ साली, त्यांनी हे नाव घेतले. त्यांच्या घरांत नाताळासाठी काळ्या द्राक्षांची वाईन बरणीत घालतात. त्यात द्राक्षे, साखर, मूठभर गहू आणि यीस्ट. त्याच्या आईची वाईन गोड होती, आणि खरे सांगायचे तर पहिल्या घोटाला मला तीच सर्वांत आवडली. उसाच्या माणसाची जीभ, दुसरे काय!

मग बाकीच्या का गोड नव्हत्या? यीस्ट साखर खाते आणि तिचे अल्कोहोल करते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर खाल्ली की एक टक्का अल्कोहोल होते. बहुतेक वाईन साखर संपेपर्यंत आंबवतात. ब्रिक्स बघायचा तो गोडीसाठी नव्हे, तर अल्कोहोल किती होणार यासाठी. आणि इथे एक गंमत. उत्तर फ्रान्स, जर्मनी येथे थंडीमुळे कधी कधी द्राक्ष पुरेसे पिकत नाही. तेव्हा रसात वरून साखर घालतात. या रीतीला शाप्ताल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे नाव आहे. त्याने १८०१ साली तिचा पुरस्कार केला, आणि पुढे नेपोलियनच्या राज्यात बीटच्या साखरेलाही त्यानेच हात दिला. शँपेनच्या बाटलीत फेस यावा म्हणून दुसऱ्या आंबवणीला लिटरमागे २४ ग्रॅमच्या आसपास साखर घालतात. म्हणजे जगातल्या महागड्या बाटलीतही आपला माल आहेच, फक्त उसाऐवजी बहुधा बीटचा.

तरीही थंड मुलखाला एवढा मान का? आंबटपणामुळे. उष्ण हवेत वेल द्राक्षातले मॅलिक आम्ल जाळून टाकते, थंडीत ते टिकते. साखर चढते आणि आम्लही राहते, तिथे चव उभी राहते. आपल्याला हे नवीन नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार आणि हवा कोरडी असली की उसाची वाढ थांबते, साखर साठते आणि उतारा चढतो. नाशिकचे लोक उंचीवरची थंडी नाही मिळाली तर ऋतूतली वापरतात. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि फळ पिकते ते जानेवारी-फेब्रुवारीच्या गार रात्रींत. युरोपात वर्षाला एकच छाटणी आणि तोडणी सप्टेंबरात.

राहिला पाण्याचा मुद्दा, जिथे माझे चुकले. बोर्डोच्या नामांकित गावांत हेक्टरी साधारण ५० ते ५५ हेक्टोलिटरच्या पुढे वाईन काढू देत नाहीत. एकरी हिशेब केला तर द्राक्षे सुमारे तीन टन. जास्त निघाली तर त्या गावाचे नाव बाटलीवर लावता येत नाही. वेल पिकावर असताना पाणी देण्यावरही फ्रान्समध्ये कडक निर्बंध आहेत. आणि मी सासऱ्यांकडून एकरी नऊ टन काढायला निघालो होतो! टाक्या भरल्या होत्या हे खरे, वायनरीने शब्द फिरवला हेही खरे. पण आमचा माल पाणीदार होता, हे मला अंधेरीत चौथ्या ग्लासाला कळले.

म्हणून विचारणाऱ्या सभासदांना माझे आजचे उत्तर असे: ऊस मोडू नका, निदान लेखी करार हातात पडेपर्यंत तरी नाही. करारात ब्रिक्स, आम्ल, एकरी टनांची मर्यादा, तोडीची तारीख, दर, आणि टाकी भरलेली असली तर माल कोण उचलणार, हे सगळे लिहून घ्या. उसाला कायद्याने एफआरपी आहे. वाईनच्या द्राक्षाला तसे काहीही नाही. आणि लावायचीच असतील तर आधी ज्याला विकणार त्याच्या टेबलावर बसून माल चाखा. माळकऱ्यांनी मुलाला पाठवावे.

उसापुरती एक गोष्ट. तोडीआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडा म्हटले की काही मंडळी वजन घटेल म्हणून रात्री मोटर चालू करतात. मला ठाऊक आहे कोण ते. पैसे वजनावर मिळतात आणि उतारा मात्र साऱ्या कारखान्याचा सरासरी धरतात, त्यामुळे एकट्याने पाणी तोडून एकट्याचा फायदा दिसत नाही. ही व्यवस्थेतली अडचण मी नाकारत नाही. पण एफआरपी त्याच सरासरी उताऱ्यावर ठरते, तेव्हा रात्रीचे ते पाणी सगळ्यांच्याच दरात उतरते.

परत येताना निफाडला उतरलो. सासरे ओट्यावर बसले होते. त्या दोन एकरांत आता को ८६०३२ आहे. मी म्हणालो, "मामा, चव घेतली बरं का, आपल्या जातीची."

"गोड लागली?"

"नाही. तुरट. कच्च्या जांभळासारखी. पाणी जितकं कमी तितकी चांगली होते म्हणतात."

ते बराच वेळ रानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि मी रात्री उठून ठिबक चालू करत होतो." एवढे बोलून आत गेले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. सकाळी मला उसात घेऊन गेले. मीटर माझ्या पिशवीत होताच. शेंड्याला १९, बुडख्याला २१. पाणी तोडून त्यांना अठरा दिवस झाले होते.

- ऊस विकास अधिकारी