वेगाची हौस आणि घरची माणसे

वाचकहो, हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो; शरीर मात्र तिचा हिशेब ठेवत असते. आपण एखादी आटोपशीर, वेगवान सेडान घेतली असेल किंवा घेण्याच्या विचारात असाल, तर एका मालकाचा हा अनुभव आपल्या कामी यावा.

अशा मोटारींच्या ताकदीची कल्पना एका उदाहरणाने येईल. 2021 मध्ये भारतात आलेली बीएमडब्ल्यू एम340आय 387 अश्वशक्तीची होती आणि उभ्या स्थितीतून ताशी 100 किलोमीटरचा वेग सुमारे साडेचार सेकंदांत गाठत असे. माझी मोटार याच जातकुळीतली. पहिले दोन महिने मी हवेतच होतो. तिसऱ्या महिन्यात कंबर बोलू लागली.

कारण साधेच निघाले. वळणावर झोल जाऊ नये म्हणून अशा मोटारीचे सस्पेन्शन कडक आणि टायरची बाजू बुटकी असते. त्यामुळे खड्ड्याचा धक्का फारसा न विरता आसनापर्यंत पोहोचतो. त्यात मी शर्यतीतल्या चालकाच्या थाटात मागे रेलून, हात ताठ करून बसत असे. फिजिओथेरपिस्टने ती बैठक सुधारली. आपणही आपली बैठक तपासून पाहा. कंबर आसनाच्या पाठीला पूर्ण टेकलेली असावी. ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहावा. खांदे टेकलेले ठेवून हात पुढे केला असता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावे. छाती मात्र स्टिअरिंगपासून निदान 25 सेंटिमीटर दूर असावी. दर दोन तासांनी उतरून चार पावले चालावे. पायात मुंग्या किंवा बधिरपणा जाणवल्यास डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई नको.

आसन जमिनीलगत असल्याने माझ्या वडिलांचे गुडघे कुरकुरत. ज्येष्ठांनी आधी पाठमोरे होऊन आसनावर टेकावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत.

मला खरी जाग आणली ती नऊ वर्षांच्या लेकीने. पुण्याहून मुंबईला जाताना द्रुतगती मार्गावर मी मोटार जरा मोकळी सोडली. आरशात पाहिले, तर तिने डोळे मिटून आईचा हात घट्ट धरला होता. लोणावळ्याला उतरल्यावर ती हळूच म्हणाली, ‘‘बाबा, परत येताना आपण एसटीने येऊ या का?’’

त्या रात्री मी कागदावर गणित मांडले. या मार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी 100 किलोमीटर आहे, घाटात त्याहून कमी. 100च्या वेगाने मोटार एका सेकंदात सुमारे 28 मीटर जाते, 140च्या वेगाने 39 मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर पडायला साधारण एवढाच वेळ लागतो. शिवाय 100वरून 140वर जाताना गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. ब्रेक कितीही उत्तम असोत, हे गणित टळत नाही.

मोटार मी विकली नाही. चालवण्याची रीत बदलली. टायर थंड असताना हवा तपासतो, मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लावायला लावतो. पट्टा मानेवर न येता खांद्यावरून जाऊ लागेपर्यंत मुलांना बूस्टर आसनावरच बसवावे, हेही ध्यानात ठेवा.

हल्ली खोपोली येण्याआधीच लेक मागच्या आसनावर गाढ झोपी जाते. मोटारीच्या कामगिरीची याहून मोठी पावती मला नको.