सावत्र पित्यास दत्तक : दिलेली संमती केव्हा मागे घेता येते ?

पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीसोबत तिचे पहिल्या विवाहाचे मूल नव्या घरी येते. शाळेच्या दाखल्यावर नाव कोणाचे लावावे, रुग्णालयाच्या कागदावर सही कोणी करावी, असे प्रश्न उभे राहतात आणि सावत्र वडिलांनी मुलास रीतसर दत्तक घ्यावे, असा विचार पुढे येतो. समजा, कल्याण तालुक्यातील खडवलीच्या एका हिंदू कुटुंबात असे ठरले. मुलाचे जन्मदाते वडील डोंबिवलीस राहतात. त्यांनी मुद्रांक कागदावर संमती लिहून दिली. पंधरवड्याने त्यांचे मन पालटले. ती संमती त्यांना मागे घेता येईल काय ?

याचे उत्तर दत्तक पूर्ण झाले आहे की नाही, यावर अवलंबून आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ हा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. त्याच्या कलम ९ मध्ये २०१० साली दुरुस्ती झाली आणि मूल दत्तक देण्याचा अधिकार माता व पिता यांना समान मिळाला. मात्र एकाने तो दुसऱ्याच्या संमतीवाचून वापरावयाचा नाही. दुसऱ्याने संन्यास घेतला असेल, धर्मांतर केले असेल किंवा न्यायालयाने त्यास विकृतचित्त ठरविले असेल, तरच संमतीची गरज नाही. घटस्फोट झाला व ताबा आईकडे आला, एवढ्याने पित्याची संमती अनावश्यक ठरत नाही. हा गैरसमज फार रूढ आहे. पिता हयात नसेल तर गोष्ट वेगळी. पुनर्विवाहित मातेस आपले मूल दुसऱ्या पतीस दत्तक देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अकेला ललिता प्रकरणात मान्य केले आहे.

संमती म्हणजे मात्र दत्तक नव्हे. कलम ११ नुसार मूल प्रत्यक्ष देणे व घेणे घडावे लागते. दत्तहोम आवश्यक नाही. ते घडेपर्यंत संमती मागे घेण्यास वाव आहे. तसे लेखी कळवावे आणि पोच जपून ठेवावी. तोंडी नकार पुढे सिद्ध करणे कठीण जाते.

वैध दत्तक एकदा झाले की कलम १५ प्रमाणे ते कोणालाही रद्द करता येत नाही. संमती कपटाने वा धाकाने घेतली होती असे म्हणावयाचे असेल, तर दिवाणी न्यायालयात दत्तकच अवैध होते हे दाखवावे लागेल. देणारा व घेणारा यांच्या सह्यांचे दत्तकपत्र नोंदलेले असेल, तर कलम १६ चे अनुमान दत्तकाच्या बाजूचे असते. दत्तकासाठी मोबदला घेणे हा कलम १७ खाली गुन्हा आहे. थकलेली पोटगी सोडून देण्याच्या बोलीवर घेतलेली संमतीही त्यामुळे संशयास पात्र ठरू शकते.

दुसरा मार्ग बाल न्याय अधिनियम, २०१५ चा. तो सर्व धर्मीयांस खुला आहे. फेरविचाराची दोन महिन्यांची मुदत बाल कल्याण समितीपुढे मूल सोपविणाऱ्या पालकांसाठी आहे. सावत्र पित्याच्या प्रकरणात तिच्यावर विसंबू नये. आक्षेप आदेशापूर्वीच लेखी मांडावा. अर्ज दोन महिन्यांत निकाली काढावयाचा असल्याने अवधी थोडा असतो. ताब्याचा वाद न्यायालयात चालू असेल, तर तो मिटल्यावरच दत्तकाची प्रक्रिया सुरू होते. मुलाचे वय व समज पाहून त्याची इच्छाही विचारात घेतली जाते. १ सप्टेंबर २०२२ पासून आदेशाचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे सोपविण्यात आला आणि त्या आदेशावर तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपिलाची तरतूद झाली. या बदलास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असल्याने, अर्ज कोठे चालेल याची चौकशी ठाण्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात आधीच करावी.

सही करण्यापूर्वी पित्याने काय सुटते ते ओळखावे. दत्तकाच्या दिवसापासून जन्मकुटुंबाशी मुलाचे कायदेशीर नाते संपते. पित्याची निर्वाहाची जबाबदारी जाते, तसा मुलाला भेटण्याचा पितृत्वाचा हक्कही जातो. आजी-आजोबांच्या वारशातील मुलाची अपेक्षा मावळते. मुलाकडे आधीच निहित झालेली मालमत्ता तेवढी त्याचीच राहते. केवळ आडनाव बदलावयाचे असेल, तर इतकी मोठी किंमत मोजण्याचे कारण नाही. राजपत्रात नाव बदलून ते काम भागू शकते.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. खडवलीच्या रहिवाशांना त्यासाठी कल्याणच्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.