यमक आणि काव्याची भाववृत्ती : ओवी, अभंग व राम जोशी यांची लावणी

प्रस्तावना
संस्कृत साहित्यशास्त्रात यमक म्हणजे त्याच अक्षरसमूहाची भिन्न अर्थाने पुनरावृत्ती. मराठीत मात्र चरणान्तीच्या नादसाम्यासच, म्हणजे अंत्ययमकास, हे नाव रूढ झाले आहे. अध्यापनात त्याची गणना शब्दालंकारात करून विषय संपविला जातो. परिणामी यमक भाववृत्ती कशी घडविते, हा मूळ प्रश्न दुर्लक्षित राहतो.

विवेचन
यमक प्रथम अपेक्षा निर्माण करते आणि नंतर ती पूर्ण करते किंवा रोखून धरते. भाववृत्तीचे स्वरूप या पूर्तीच्या अंतरावर बरेचसे अवलंबून असते. ग्रांथिक ओवीत पहिले तीन चरण सयमक, तर चौथा आखूड व निर्यमक असतो. तिहेरी नादाने वाढलेला आवेग येथे शमतो आणि निरूपणास आवश्यक असा विसावा मिळतो. मोठ्या अभंगात ६-६-६-४ अशी अक्षररचना असून दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक जुळते. चार अक्षरांचा निर्यमक शेवट आर्त उद्गाराप्रमाणे मनात रेंगाळतो.

सोलापूरचे शाहीर राम जोशी यांच्या लावणीत याउलट प्रक्रिया दिसते. तेथे यमक चरणान्ती थांबत नाही. अंतर्गत यमके व अनुप्रास एकामागून एक येतात. अपेक्षापूर्ती इतकी जलद होते की श्रोत्यास उसंत मिळत नाही आणि शृंगारास चापल्य प्राप्त होते. तथापि यमकाचा भाव स्वयंसिद्ध नसतो. याच शाहिराने पुढे यमकप्रिय मोरोपंतांच्या (१७२९-१७९४) आर्या कीर्तनातून लोकप्रिय केल्या. नादाची आवड तीच, परंतु वृत्त, लय व विषय बदलताच भक्तिभाव प्रकट झाला.

सोलापूरच्या वर्गात मराठीबरोबर कन्नड व तेलुगू भाषकही असतात. त्या भाषांच्या अभिजात पद्यात प्रत्येक चरणाच्या दुसऱ्या अक्षराचे साम्य, म्हणजे प्रास, महत्त्वाचे असते. तेथे नाद चरणारंभी वाट दाखवितो, तर मराठीत तो शेवटी प्रतीक्षा करावयास लावतो. ही तुलना अध्यापनास उपकारक ठरेल.

निष्कर्ष
यमक हे केवळ भूषण नसून भाववृत्तीची गती नियंत्रित करणारे साधन आहे. म्हणून यमक 'कोठे आहे' एवढेच न विचारता, ते 'किती अंतराने येते आणि कोठे टाळले आहे' हेही विद्यार्थ्यांस मोठ्याने वाचून पडताळावयास लावणे इष्ट होय.