क्वाड बाईकचा दम जातो कुठे?

कर्जतजवळच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. त्यांच्या फार्महाऊसवर पर्यटकांसाठी अडीचशे सीसीची एक जुनी स्पोर्ट क्वाड बाईक आहे. सपाटीवर ती छान पळते, पण मागच्या टेकाडावर चढायची वेळ आली की दम टाकते, पावसाळ्यात तर जास्तच. नवी गाडी परवडत नाही. बाजारात मिळणारा ‘फ्री फ्लो’ सायलेन्सर बसवला तर ताकद वाढेल का, असं ते विचारतात. खालापूरपासून नेरळपर्यंत हल्ली रिसॉर्टांच्या पाट्यांवर ‘एटीव्ही राईड’, म्हणजे क्वाडचीच सैर, हे शब्द दिसतात, तेव्हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नसावा.

सायलेन्सरकडे येऊच. आधी त्यांनी जरा कर्जत स्टेशनात डोकावावं. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात त्या केवळ वड्यांसाठी नाही. गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडायची असतात. बोरघाटाचा चढ 37 ला 1 असा आहे: 37 मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. म्हणजे निव्वळ गुरुत्वाकर्षणाशी बरोबरी करायला गाडीच्या वजनाच्या सदतिसाव्या भागाइतका जोर हवा. हजार टनांच्या गाडीला साधारण 27 टन. मुंबईहून कर्जतपर्यंत धडधडत आलेलं पुढचं इंजिन अश्वशक्तीत काही कमी नसतं. ते कमी पडतं पकडीत. सव्वाशे टनांचं इंजिन फार तर आपल्या वजनाच्या पाव हिश्शाएवढा किंवा त्याहून थोडा जास्त जोर रुळावर लावू शकतं. रूळ ओले असले तर तेवढाही नाही. त्यापुढे ताकद सोडली की चाकं जागच्या जागी फिरतात. बँकर लावल्याने ताकद वाढतेच, पण त्याबरोबर रूळ धरून ठेवणारी चाकंही वाढतात.

‘पिकअप नाही’ असं म्हणताना आपण ताकद, चाकावरचा जोर आणि जमिनीवरची पकड या तीन निराळ्या गोष्टी एकत्र करतो. क्वाडवर कुठली कमी पडते आहे ते कानाने ओळखता येतं. इंजिन ओरडतंय आणि मागची चाकं चिखल उडवतायत, तर कमतरता पकडीची. अशा वेळी इंजिनाची ताकद वाढवणं म्हणजे आणखी चिखल उडवणं. आधी टायरमधली हवा पाहा. स्पोर्ट क्वाडच्या फुगीर टायरांत चार-पाच पीएसआय एवढीच हवा लागते, नेमका आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत असतो. पंक्चरवाला सवयीने मोटारीइतकी, तीसेक पीएसआय भरतो. त्याच्या मीटरवर इतका कमी आकडा नीट वाचताही येत नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा मीटर घ्यावा. जास्त हवेने टायर टणक होतो, जमिनीला कमी टेकतो आणि घसरतो. टायर फुटायचा धोका तो निराळाच.

उलट चाकं न घसरता इंजिनाचाच आवाज खाली खाली येत असेल, तर कमी पडतोय तो चाकावरचा जोर. इथे मी आधी टायरचा आकार विचारीन. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून 20 इंचांच्या जागी 22 इंचांचे टायर चढवले असतील, तर जमिनीवर पोचणारा जोर तिथेच नऊ टक्क्यांनी घटला. दुसरा प्रश्न, मागे कुणाला बसवता का? स्पोर्ट क्वाडची सीट एकट्यासाठी असते. गाडी 170 किलो आणि चालक 70 किलो धरला, तर आणखी एक 70 किलोचा पाहुणा बसताच वजन जवळपास 30 टक्क्यांनी वाढतं. 30 टक्के ताकद वाढवून देणारा मेकॅनिक शोधून सापडायचा नाही. पाहुण्याला उतरवायला मात्र पैसे पडत नाहीत.

या दोन्हींत दोष नसेल तर इंजिनाकडे वळू. 250 सीसीचं चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला 8000 फेरे घेत असताना दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. हिशेब केला तर मिनिटाला 1000 लिटर हवा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर घेतो. पेट्रोल हवं तेवढं ओतता येईल. अडतं ते हवेपाशी. हजार लिटर हवेत जेमतेम 80 ग्रॅम पेट्रोल पुरतं जळतं, आणि त्यातल्या उष्णतेचा चौथा हिस्सा चाकांच्या कामी आला तर 20 अश्वशक्तीच्या आसपास मिळते. ताकद वाढवण्याचे सगळे उपाय फिरून फिरून या हवेपाशीच येतात.

आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवाच पातळ होते! दमट हवा जड वाटते खरी, पण पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंहून हलका असतो, आणि तो त्यांचीच जागा अडवतो. जुलैतल्या 28-30 अंशांच्या ओल्याकच्च हवेत साडेतीन-चार टक्के वाफच असते. तेवढा ऑक्सिजन कमी, जवळपास तेवढी ताकदही कमी. (माथेरानच्या 800 मीटर उंचीवर आणखी आठ-नऊ टक्के जातील, पण तिथे वाहनबंदी असल्याने हा प्रयोग कुणाला करता यायचा नाही.) हवामान बदलणं आपल्या हाती नाही, फिल्टर आहे. सीटखालचा फोमचा एअर फिल्टर काढून बघा. उन्हाळाभराची धूळ आणि जुनं तेल यांचा त्यावर काळा, चिकट थर असतो. साबणाच्या पाण्यात दाबून धुवा. पिळू नका, फोम फाटतो. सावलीत खडखडीत वाळवून फिल्टरचं तेल सगळीकडे सारखं लागेल असं चोळा आणि जास्तीचं दाबून काढा. अधिक हवेच्या हव्यासाने काही जण फिल्टरच्या पेटीचं झाकणच काढून टाकतात. त्या गाडीने एखादा ओढा ओलांडताना पाणी आत ओढलं, तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग काटकसर भलतीच महागात पडते.

आणखी एक कारण पेट्रोलपंपावर आहे. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलला वजनाच्या 14.7 पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेरा पट. नव्या गाड्यांतला सेन्सर हा फरक सांभाळून घेतो. जुन्या कार्ब्युरेटरला तो कळत नाही. तो पूर्वीच्याच मापाने इंधन सोडतो आणि इंजिन किंचित उपाशी, जास्त तापून चालतं. कार्ब्युरेटरमधला मेन जेट, म्हणजे इंधन सोडणारी बारीक तोटी, एक नंबर मोठा घालून स्पार्क प्लगचा रंग पाहावा. टोक पांढुरकं असेल तर इंधन अजून कमी, काळं काजळलेलं असेल तर जास्त. फिकट तपकिरी असेल तर जमलं. शंभर ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलने मात्र या गाडीला काही होणार नाही. ऑक्टेन म्हणजे अवेळी पेट न घेण्याचा गुण, जास्तीची ऊर्जा नव्हे. इंधनाच्या नळीला लावायच्या चुंबकांबद्दल तर न बोललेलंच बरं.

आता सायलेन्सर. इथे मला वाल्टर काडेनबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. महायुद्धात हा जर्मन अभियंता पेनेम्युंडेच्या शस्त्रसंशोधन केंद्रात होता. पुढे पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटरसायकल कारखान्याच्या रेसिंग विभागाचा प्रमुख झाला. पैसा नाही, चांगला धातू मिळायची मारामार, आणि समोर होंडा. कमी खर्चात ताकद वाढवण्याचा प्रश्न त्याच्याइतका क्वचितच कुणाला पडला असेल. टू-स्ट्रोक इंजिनात जळका धूर बाहेर जाताना ताजं मिश्रणही त्याच दाराने निसटतं. धुराच्या झोताबरोबर नळीतून दाबाची लाटही धावते, आणि नळी जिथे रुंदावते किंवा चिंचोळी होते तिथून ती परत फिरते, हे काडेनने ऑसिलोस्कोपवर तपासलं. मग एक्झॉस्टची नळी त्याने बकरी गिळलेल्या अजगरासारखी केली: आधी बारीक, मध्ये फुगलेली, पुढे पुन्हा बारीक. रुंदावत्या भागातून परतणारी लाट सिलिंडर ओढून रिकामा करते, आणि निमुळत्या टोकावरून परतणारी लाट निसटलेलं ताजं मिश्रण दार बंद होण्याआधी आत ढकलते. इंजिन मिनिटाला 10,800 फेरे घेत असताना हे सारं साडेपाच मिलिसेकंदांच्या आत उरकावं लागतं! 1961 मध्ये त्याच्या 125 सीसीच्या इंजिनाने 25 अश्वशक्ती दिली. लिटरमागे 200, आणि तीही टर्बो किंवा सुपरचार्जर न लावता.

त्याच वर्षी त्याचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पूर्व जर्मनीला परतलाच नाही. ते तंत्र त्याच्याबरोबर सुझुकीकडे गेलं, आणि 1962 मध्ये त्याने सुझुकीवर 50 सीसी गटाचं जगज्जेतेपद मिळवलं. जपानच्या सुझुका ट्रॅकवर एका वळणाला डेग्नरचं नाव आहे. काडेनच्या नावाचं वळण माझ्या तरी ऐकिवात नाही. पुढे 1985 मध्ये सुझुकीनेच एलटी 250 आर ही शर्यतीच्या बाण्याची क्वाड बाजारात आणली. टू-स्ट्रोक इंजिन आणि तसाच फुगीर एक्झॉस्ट. स्पोर्ट क्वाडची कुळकथा अशी थेट काडेनच्या वर्कशॉपपर्यंत जाते.

चार स्ट्रोकच्या इंजिनातही लाटांचा हा खेळ चालतो, फक्त जरा सौम्यपणे. नळीची लांबी-रुंदी विशिष्ट फेऱ्यांसाठी बेतलेली असते. बाजारातला ‘फ्री फ्लो’ नेमका तुमच्या इंजिनासाठी बेतलेला नसेल, तर वरच्या फेऱ्यांवर थोडी ताकद मिळते आणि खालच्या फेऱ्यांवर जाते, आणि चढावर लागते ती खालचीच. जेट न बदलता तो बसवला तर इंजिन आणखी उपाशी राहतं. ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून येणारे फटाके बहुधा त्याचंच लक्षण. आवाज मात्र हमखास वाढतो, आणि कानाला तीच ताकद वाटते. शहरांत पोलीस जप्त केलेल्या अशा सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतात, त्या बातम्या वाचून मला वाईट वाटत नाही.

तेव्हा वाचकमहाशय, सायलेन्सरचे पैसे राखून ठेवा आणि पुढचा स्प्रॉकेट बदला. 14 दात्यांचा काढून 13 चा बसवला की प्रत्येक गियरमध्ये चाकावरचा जोर पावणेआठ टक्क्यांनी वाढतो. हाच परिणाम मागच्या 38 दात्यांच्या जागी 41 चा बसवून मिळतो, पण तो महाग, शिवाय चेनही लांब लागते. बदल्यात टॉप स्पीड सात टक्क्यांनी उतरेल. पहिल्यांदाच क्वाडवर बसणाऱ्या पाहुण्यांना गाडी द्यायची असेल तर ही घट मला सोयीचीच वाटते. चेन जुनी, ताणलेली असेल तर तीही बरोबरच बदला, नाहीतर नव्या स्प्रॉकेटचे दाते महिनाभरात झिजतील. आणि हात लावलाच आहे तर मागची चाकं उचलून हाताने फिरवून बघा: ब्रेकमध्ये चिखल अडकून ती जड फिरत असतील, तर निम्मा चढ तिथेच आहे.